तुलनेत लक्षणीय बदल नाही

गोव्यातल्या देवळांत प्रसाद लावताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो क्षण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या असतात, भटजी यजमानाचा प्रश्न देवापुढे मांडतात आणि मग सगळे कुटुंब हात जोडून, कोणती पाकळी आधी सुटते याकडे डोळे लावून उभे राहते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फुफ्फुसाच्या कर्करोगावरचे उपचार आटोपल्यानंतर ठरावीक काळाने जो सीटी स्कॅन करावा लागतो, त्याच्याकडे बहुतेक घरांत याच नजरेने पाहिले जाते. स्कॅनची तारीख जवळ आली की घरातले बोलणे कमी होते, कोणी नवस बोलतो, कोणी लग्नाची बोलणी ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलतो. ही श्रद्धा किंवा ही भीती मला परकी नाही. परंतु इतकी वर्षे त्या यंत्राखाली आडवी होऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे, की स्कॅनला कौल समजण्यात रुग्णाची निष्कारण ओढाताण होते. एकटा स्कॅन फारसे काही सांगत नाही. तो आधीच्या स्कॅनशेजारी ठेवला जातो तेव्हाच त्याला अर्थ येतो.

माझ्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा खंड शस्त्रक्रियेने काढण्यात आला आणि त्यानंतर केमोथेरपी झाली. शस्त्रक्रिया मुंबईला झाली, पुढच्या तपासण्या मात्र गोव्यातच कराव्यात असे ठरले. गोव्यातल्या पुष्कळ कुटुंबांचे असेच असते. परळच्या टाटा रुग्णालयाची फाईल घरात, केमो बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आणि स्कॅन जिथे लवकर वेळ मिळेल तिथे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वेळापत्रक सांगितले होते. पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन आणि त्यानंतर वर्षातून एकदा. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता केमो आणि रेडिएशन असे एकत्र उपचार होतात, त्यांना सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. यामागचे कारण सरळ आहे. हा रोग परतायचा असेल तर बहुतेक वेळा तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो, म्हणून त्या काळात लक्ष अधिक ठेवायचे. छातीच्या स्कॅनमध्ये यकृताचा भाग आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीही घेतात, कारण फुफ्फुसाचा कर्करोग पसरताना ज्या ठिकाणी जातो त्यांपैकी ही दोन ठिकाणे आहेत. मेंदू मात्र या स्कॅनमध्ये दिसत नाही. ही गोष्ट रुग्णाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘स्कॅन चांगला आला’ म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळे तपासून झाले, अशी समजूत मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकली आहे.

यंत्रावरचा प्रत्यक्ष वेळ थोडाच असतो. चार तास उपाशी राहून जायचे, त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक यावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध, सोसतील की नाही हे पाहिलेले असते, मग हातात सुई बसवतात आणि फळीवर उताणे झोपवून दोन्ही हात डोक्यावर घ्यायला सांगतात. इतरांना हे काहीच वाटणार नाही. ज्याच्या बरगड्या फाकवून शस्त्रक्रिया झालेली आहे, त्याला त्या बाजूचा हात वर नेऊन तिथेच ठेवणे हे सगळ्या तपासणीतले सर्वांत कठीण काम असते, कारण काखेखालून पाठीकडे गेलेली ती जुनी जखम कातडीच्या आतून ताणली जाते. आमच्याकडचा तंत्रज्ञ आता हे ओळखतो आणि न सांगता कोपराखाली एक लहान उशी सरकवतो. ‘कितेंच जावचें ना, बाय,’ काही होणार नाही, असे म्हणून तो काचेपलीकडे जातो. मग कॉन्ट्रास्ट सुरू होते. घशात ऊब चढते, तोंडाला धातूची चव येते आणि ती ऊब ओटीपोटापर्यंत अशी उतरते, की नकळत लघवी झाली की काय असे वाटावे. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे आधी सांगितलेले असले तर तो घाबरत नाही. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असा आवाज येतो, फळी त्या मोठ्या कड्यातून पुढे सरकते, आणि राहिलेल्या फुफ्फुसांत जेवढी हवा मावते तेवढी धरून मी निश्चल पडून राहते. श्वास हलला तर चित्र पुसट येते, आणि पुसट चित्रातली बारीक गाठ मोजता येत नाही.

मोजणे हाच या यंत्राचा खरा गुण आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि 1979 साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांच्या साध्या फोटोत सगळ्या सावल्या एकमेकींवर पडतात. सीटीमध्ये शरीराच्या प्रत्येक पातळ कापातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा मिळतो. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे 1000, आणि या मोजपट्टीला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. हवेने भरलेले फुफ्फुस या पट्टीवर फार खाली असते, म्हणून त्यातली चार-पाच मिलिमीटरची गाठसुद्धा काळ्यावर पांढरी अशी उठून दिसते. आकडे आणि मापे असल्यामुळेच आजची गाठ मागच्या वर्षीच्या गाठीशी ताडून पाहता येते. नजरेच्या अंदाजावर हे कधीच जमले नसते.

शस्त्रक्रिया झालेले फुफ्फुस पुस्तकातल्या चित्रासारखे दिसत नाही. खालचा खंड काढला की वरचा खंड पसरून ती जागा भरतो, त्या बाजूचा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, वर येतो, हृदय आणि मधल्या रक्तवाहिन्या थोड्या त्या बाजूला सरकतात, आणि जिथे टाके किंवा धातूच्या पिना मारलेल्या असतात तिथे एक चमकती रेघ आणि तिच्याभोवती व्रणाचा जाडसरपणा कायमचा राहतो. उपचारांनंतर काही महिन्यांनी जो पहिला स्कॅन होतो, त्याचे महत्त्व यासाठीच मोठे आहे. इथून पुढे या माणसाचे ‘नेहमीचे’ फुफ्फुस कसे दिसते हे तो ठरवतो. पुढच्या प्रत्येक वेळी प्रश्न एवढाच असतो, की त्या नेहमीच्या चित्रात काही नवे आले आहे काय, किंवा जुने काही वाढले आहे काय.

हे मला ज्या प्रसंगातून उमगले, तो सांगायला हवा. एका वर्षी नेहमीच्या ठिकाणचे यंत्र बंद होते, म्हणून मुलाने दुसऱ्या एका खासगी केंद्रात वेळ घेतली. आम्ही जुन्या स्कॅनची सीडी सोबत नेली होती. काउंटरवरच्या मुलीने ‘ही लागत नाही’ म्हणून ती परत दिली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. पिनांच्या रेघेलगत 11 मिलिमीटरची गाठीसारखी सावली, रोग परतल्याची शक्यता नाकारता येत नाही, पेट-सीटी करावा. मुलाने तो कागद वाचला आणि काही न बोलता घडी करून खिशात ठेवला, त्यावरूनच मला कळले. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे दिवस कसे गेले ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी काढले आहेत त्यांना ते ठाऊक आहेत.

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘बाई, मागची सीडी आणली काय?’ त्यांनी दोन्ही सीडी संगणकावर लावल्या, पडद्याचे दोन भाग केले आणि दोन्हीकडे फुफ्फुसाचा तोच काप येईपर्यंत चित्रे सरकवत नेली. मग पडद्यावरची नावे आणि तारखा झाकून मला म्हणाले, ‘यातला एक स्कॅन दीड वर्षापूर्वीचा आणि एक परवाचा. कोणता कुठला, सांगा बघू.’ मी पुढे वाकून पाहिले. तीच रेघ, तिच्या टोकाशी तीच पांढुरकी गाठ, तिच्यातून निघालेल्या त्याच दोन बारीक शिरा. मला सांगता आले नाही. मुलालाही सांगता आले नाही. त्यांनी माप घेतले, दोन्हीकडे 11 मिलिमीटर. तो व्रण होता आणि जिथल्या तिथे होता. ज्या तज्ज्ञाने रिपोर्ट लिहिला त्याला मी दोष देत नाही, कारण जे चित्र त्याच्यापुढे होते त्यावरून तेवढेच लिहिता येत होते. जुने चित्र त्याच्यापर्यंत पोहोचू न देणारी व्यवस्था मात्र मला आजही सलते. कर्करोगाच्या रुग्णाचा स्कॅन घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने जुना स्कॅन मागूनच घ्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

काळ हीसुद्धा एक तपासणीच असते, हे मी त्या डॉक्टरांकडून शिकले. संसर्गाने आलेली सावली काही आठवड्यांत विरते, व्रण तसाच राहतो, आणि कर्करोग वाढतो. परंतु वाढ दिसायला वेळ द्यावा लागतो. गाठीचे आकारमान दुप्पट होते तेव्हा तिचा व्यास जेमतेम पावपट वाढलेला असतो. 8 मिलिमीटरची गाठ 10 मिलिमीटर झाली म्हणजे ती जवळजवळ दुप्पट झाली. दुसरीकडे, श्वास थोडा कमी-अधिक धरला किंवा मोजणारा बदलला, तर एक-दीड मिलिमीटरचा फरक नुसत्या मापनातच पडू शकतो. म्हणून शंका आली की उद्याच पुन्हा स्कॅन करा असा आग्रह धरून उपयोग नसतो, आणि ‘तीन महिन्यांनी बघू’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ते हयगय करत नसतात. एकदा माझी तारीख नेमकी चतुर्थीत येत होती. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, घरात पाहुणे, आणि त्यातच उपाशीपोटी सुई टोचून घ्यायची, या विचाराने मन कसनुसे झाले. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, ‘गणपती पोचवून या. नवीन काही त्रास नसेल तर ठरलेल्या स्कॅनमध्ये पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही.’ हे विचारायचे असते हेच पुष्कळांना माहीत नसते. आमच्याकडच्या पावसाळ्याचेही तसेच आहे. ऑगस्टमध्ये ताप-खोकला होऊन गेल्यावर लगेच काढलेल्या स्कॅनमध्ये धुक्यासारखे पट्टे दिसू शकतात आणि मग सगळ्या घराची झोप उडते. नुकताच खोकला होऊन गेला असेल तर ते स्कॅनआधी सांगावे, कागदावर लिहून घ्यायला लावावे.

पेट-सीटीबद्दल लोकांच्या मनात एक वेगळाच विश्वास असतो. तो महाग आहे म्हणजे अधिक खरा असणार, असे धरून चालतात आणि दर वेळी तोच करून घ्यावा म्हणतात. त्या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर शिरेतून देतात, तासभर न बोलता स्वस्थ बसवतात आणि ती साखर कुठे अधिक खर्च होते ते पाहतात. कर्करोगाच्या पेशी साखर भरपूर खातात हे खरे, पण मेंदूही खातो, सुजलेली जागाही खाते आणि क्षयरोगाची गाठही खाते. आपल्या देशात क्षयाच्या जुन्या-नव्या खुणा इतक्या फुफ्फुसांत असतात, की चमकलेली प्रत्येक जागा कर्करोग धरली तर अनर्थ होईल. सीटीमध्ये खरीखुरी शंका उभी राहिली तर पेटचा उपयोग मोठा आहे. नियमित पाठपुराव्यासाठी तो सरसकट करू नये, असेच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

एवढे सगळे करून आयुष्य वाढते काय, हा प्रश्न मी एकदा स्पष्ट विचारला. उत्तरही तितकेच स्पष्ट मिळाले. फ्रान्समध्ये शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढलेल्या 1775 रुग्णांचे दोन गट करून एकाचा पाठपुरावा तपासणी आणि छातीच्या साध्या एक्स-रेवर केला, दुसऱ्याला त्यासोबत सीटी स्कॅनही केले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सीटीच्या गटात परतलेला रोग आणि नव्याने झालेला कर्करोग लवकर सापडले, परंतु एकूण जगण्यात दोन्ही गटांत निर्णायक फरक दिसला नाही. हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. मग कशासाठी? मला त्यावर पटलेले उत्तर असे आहे, की त्या अभ्यासात रुग्णांना घेतले गेले ते 2005 ते 2012 या काळात. त्यानंतर नेमक्या जनुकीय बदलावर काम करणाऱ्या गोळ्या आणि शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इम्युनोथेरपी यांमुळे परतलेल्या रोगावरही उपचारांचे अधिक मार्ग खुले झाले आहेत, आणि एकाच जागी लहान असताना सापडलेल्या गाठीवर शस्त्रक्रिया किंवा नेमके रेडिएशन होऊ शकते. म्हणून स्कॅन करावा. पण एखादी तारीख पैशाअभावी किंवा आजारपणामुळे हुकली म्हणून आपण स्वतःच्या जिवाशी खेळलो, असा अपराधी भाव बाळगण्याचे कारण नाही, हेही त्याच अभ्यासातून मी घेतले आणि ते मला फार मोलाचे वाटते.

दोन स्कॅनच्या मधल्या काळाकडे दुर्लक्ष होते, ते मात्र धोक्याचे आहे. रोग परतलेला कळतो तो पुष्कळदा रुग्णाच्याच तक्रारीवरून. थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, कारण नसताना घटलेले वजन, रात्री न शमणारे हाडाचे दुखणे, नवी डोकेदुखी, वाढता दम. ‘पुढच्या महिन्यात स्कॅन आहेच, तेव्हा बघू’ असे म्हणून हे अंगावर काढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक शहाणी, शिकलेली होती.

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचे डोळे शेवटच्या ‘इंप्रेशन’वर जातात. मी आता आधी वरची एक ओळ शोधते, तुलना कोणत्या तारखेच्या स्कॅनशी केली आहे ती. ती ओळ नसेल तर खालचा निष्कर्ष कितीही चांगला किंवा वाईट असला तरी मी तो अर्धवट समजते आणि डॉक्टरांना तसे सांगते. ‘तुलनेत लक्षणीय बदल नाही’ हे वाक्य कोरडे आहे, त्यात ‘बऱ्या झालात’ असा शब्द नाही, आणि मुलाला सुरुवातीला त्याने समाधान होत नसे. माझे होते. आमच्यासारख्यांसाठी वैद्यकशास्त्राकडे याहून चांगले वाक्य नाही.

आमच्या हवेत हे जुने स्कॅन सांभाळणे हे एक कामच आहे. पावसाचे चार महिने कपाटातल्या फिल्म दमट होऊन एकमेकींना चिकटतात, ओढून सुट्या करताना वरचा थर निघून येतो, आणि सीडीवर बुरशीचे ठिपके धरतात. फिल्मवर मोजकी निवडक चित्रेच छापलेली असतात, सगळे शेकडो काप सीडीतल्या डायकॉम फाइलींत असतात, त्यामुळे तुलनेसाठी खरी किंमत सीडीची. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून काढलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कोणत्याही डॉक्टरच्या कामाचा नसतो. माझ्या मुलाने सगळ्या सीडी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या आहेत, एक प्रत बहिणीच्या घरी म्हापशाला आहे, आणि प्रत्येक फोल्डरला फक्त तारीख आणि केंद्राचे नाव दिले आहे.

यंदापासून माझा स्कॅन वर्षातून एकदा आणि तोही कॉन्ट्रास्टशिवाय, कमी मात्रेचा होणार आहे. नेहमीच्या छातीच्या सीटीमध्ये साधारण सहा-सात मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग अंगात जातो, कमी मात्रेच्या स्कॅनमध्ये दीडच्या आसपास. निसर्गातूनच जगभरातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी अडीच-तीन मिलिसिव्हर्ट मिळत असतो. ‘इतकी वर्षे झाली, आता थांबवू या काय?’ असे मी विचारले होते. डॉक्टरांचे म्हणणे असे, की जुना रोग परतण्याची शक्यता वर्षांगणिक कमी होते, पण एकदा फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला दुसरा, स्वतंत्र कर्करोग होण्याचा धोका दरवर्षी शंभरात एक-दोन असा चालूच राहतो. तो लवकर सापडला तर त्यावर उपाय आहे. मी मान्य केले.

अलीकडेच सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबातला मुलगा डिचोलीला माझ्याकडे आला होता. वडिलांचे केमो आणि रेडिएशन होऊन तीन महिने झाले, पहिला स्कॅन झाला आणि त्यात ‘सावली वाढली’ असे लिहून आले, म्हणून तो हबकून गेला होता. ‘काकी, औषधे फुकट गेली काय?’ असे त्याने विचारले. औषधांविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही, तो मी त्याच्या डॉक्टरांवर सोडला. रेडिएशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत फुफ्फुस सुजते, त्यानंतर तिथे व्रण धरतो आणि तो स्थिर व्हायला दोन वर्षेसुद्धा लागू शकतात. ती सावली किरण जिथून गेले त्या भागापुरतीच आहे की बाहेर, हे रेडिएशनच्या आराखड्याशी ताडून पाहावे लागते, एवढे मी त्याला सांगितले आणि उपचारांपूर्वीच्या स्कॅनची सीडी व तो आराखडा दोन्ही मागून घ्यायला लावले. तो दुसऱ्याच दिवशी बांबोळीला जाऊन आला. डॉक्टरांनी सगळे शेजारी ठेवून पाहिले, सावली किरणांच्या भागातच आहे असे सांगितले आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. ताप आला किंवा दम वाढला तर तारखेची वाट न पाहता यायचे आहे. तो स्कॅन दिवाळीनंतर आहे. वडील सध्या सकाळी अंगणातून देवळापर्यंत चालत जातात, आणि आता त्यांना मध्ये एकदाच थांबावे लागते.